जमिनीला कपाळ

पापडीला आमच्या गल्लीत शिवणकाम करणारे एक चाचा आहेत. गुडघे गेल्यापासून ते दुकानातच खुर्चीवर बसून नमाज पढतात. "आजाऱ्याला तेवढी सूट आहे," असं मला सांगतात आणि फरशीकडे बघत राहतात. "पण ताई, सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं ना, की माणूस अल्लाच्या सगळ्यात जवळ असतो."

परवा ब्लाउज न्यायला गेले, तेव्हा त्यांची नमाज नुकतीच संपली होती. खुर्ची धरून ते कसेबसे खाली उतरले आणि त्यांनी कपाळ टेकलं. बराच वेळ उठेनात. मी घाबरून धावले.

"चाचा, उठवू का?"

"उठवा, पण जरा थांबून. किती दिवसांनी पोचलोय, ताई."

मी दुकानाचा पडदा ओढला आणि बाहेर पायरीवर बसले. त्यांची हाक लवकर येऊ नये, असं वाटत होतं.