काटा हलला होता

येलदरीच्या धरणावर मासे धरणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं गेल्या उन्हाळ्यात नावेचं इंजिन आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या ओट्यावर आणून टाकलं. नावेच्या मागे टांगायचं, पेट्रोलचं, आमच्या लग्नाइतकंच जुनं. दोरी कितीही ओढा, ठिणगी पडायची नाही. आमच्या ह्यांनी प्लग बदलला, वायरी तपासल्या, पॉइंट घासले. ठिणगी पाडणाऱ्या कॉईलला रोज मीटर लावून म्हणायचे, "कॉईल ठीक हाय."

चौथ्या दिवशी हात पुसत म्हणाले, "आज दोष न्हाई घावला तर मीटर पेटीत ठेवून दुकानच बंद करतो. बास झालं आता."

हा माणूस दुकान बंद करून घरात बसला तर आठ दिवसांत आजारी पडेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्न होऊन जिंतूरला आले तेव्हा वाटलं होतं, नवरा सिनेमा दाखवील. ह्यांनी मीटर दाखवला. काळा, काट्याचा, चामड्याच्या पिशवीतला. एका जुन्या कॉईलला त्याच्या दोन्ही पिना लाव म्हणाले, काटा हलला तर कॉईल चांगली. पिना घसरायला लागल्या, म्हणून मी त्यांची उघडी टोकं चिमटीत घट्ट दाबून धरली. काटा हलला. मी खुशीत सांगितलं, "ठीक हाय."

"ही तुझी मोजणी झाली, कॉईलची न्हाई," हे म्हणाले. "तुझ्या अंगातून करंट गेला म्हणून काटा हलला. कॉईल कवाच मेलेली हाय. पिना प्लास्टिकच्या मुठीला धरायच्या."

गिऱ्हाइकासमोर बोलले, म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सेलूहून येताना हिरव्या बांगड्या घेऊन आले, आणि वर पुन्हा मीटरच पुढे केला! नंतर कित्येक दुपारी मी पिना धरायची आणि हे काटा बघायचे. पुढे लेकरं झाली, मी चुलीत गुंतले आणि ते सुटलं. त्या दुपारींची मला अजून फार आठवण येते.

तर त्या चौथ्या दिवशी मी चहा घेऊन ओट्यावर गेले. हे कॉईल मोजत होते. हात थरथरतात आता, म्हणून पिनांची टोकं चिमटीत दाबून धरलेली. काटा जरासा हलला. चष्म्यातून ह्यांना तेवढंच दिसलं.

"ठीक हाय," म्हणाले.

मी चहा खाली ठेवला. पिना ह्यांच्या हातातून घेतल्या, प्लास्टिकला धरून कॉईलला टेकवल्या. काटा जागचा हलला नाही.

ह्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "म्हंजे चार दिवस मी मलाच मोजायलोय व्हय?"

चाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि गिळलं.

"काटा तर हलत होता की," मी म्हणाले. "तुमच्यात काय बी खराबी न्हाई."

हे हसले. उठून फळीवरचा डबा काढला, त्यातली जपून ठेवलेली दुसरी कॉईल माझ्यापुढे ठेवली आणि चष्मा पुसत बसले.

"धर," म्हणाले. "मी काटा बघतो."