डॉक्टरीणबाईंची बातमी

डॉक्टर विदोसावाच्या गावात कॅन्सर कुणाला होतच नसे. वारा लागे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या, मधून झोत आला, पाठीत शिरला आणि माणूस गेला. डॅन्यूबच्या काठचं एवढंसं गाव, पण नातेवाइकांना विचारलं तर निम्मी दफनभूमी या वाऱ्यानेच भरलेली.

दवाखान्याच्या बोळकांडीत लोक तिला गाठत, हातात कॉफीचं पाकीट कोंबत आणि कानाशी लागत. सुना म्हणत, "डॉक्टरीणबाई, सासऱ्यांना काही बोलू नका हं. वारा लागलाय म्हणा. फार हळवे आहेत हो!" हळवे म्हणजे कोण, तर डिसेंबरात कापायचं अख्खं डुक्कर एकटे लोळवणारे. मुलगे घसा खाकरून जाड आवाज काढत, "हे बघा, खरं काय ते मला सांगा. आईला नुसत्या गोळ्या सांगा."

"पोट कुणाचं?" विदोसावा विचारी.

"आईचं."

"मग आईला आत पाठव. तू इथे बस. आणि ही कॉफी घरी ने, आईला करून दे."

दार लागे. ती आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून रोग्याच्या शेजारी ओढी. आधी भलतंच विचारी. सकाळी काय खाल्लंत, तुम्ही इस्पितळात गेलात तर शेळीचं दूध कोण काढणार, धाकटीशी बोलणं सुरू झालं का. मग सरळ शब्दांत सांगे. कुणी रडे, कुणी तिच्या सात पिढ्या उद्धारी. मधमाश्या पाळणारा एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. यंदा पेट्या रंगवायचा त्रास वाचला." दुसऱ्या दिवशी पाहावं तर गडी पेट्या रंगवतोय, तेही निळ्या रंगाने. आयुष्यभर बायकोने हिरव्याच रंगवायला लावल्या होत्या.

हे सगळं ओग्न्येनने त्याच खोलीत उभं राहून पाहिलं होतं. पोरगेला डॉक्टर म्हणून आला तेव्हा रोग्याशी बोलताना त्याची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर असे. विदोसावाने त्याला खुर्ची ओढायला शिकवलं, गप्प बसायला शिकवलं. ती निवृत्त झाली तेव्हा त्याने भाषण ठोकलं, "बाईंनी मला एकच शिकवलं. आजार नाही, माणूस तपासायचा!" टाळ्या पडल्या. शेजारीण स्मिल्याना तर अशी हुंदके देऊन रडली की लोकांना वाटलं, बाई निवृत्त झाल्या नसून गेल्याच.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी विदोसावाचं पोट दुखू लागलं. स्कर्ट कमरेवर फिरू लागला. आता दवाखाना सांभाळणाऱ्या ओग्न्येनने तिला शहरात पाठवून तपासण्या करवल्या आणि मग म्हणाला, "जठराला सूज आहे, बाई. कॉफी कमी करा."

तिने मान डोलावली. फिल्म दाखव म्हणाली नाही. तसं म्हणणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं झालं असतं, आणि ओग्न्येन तिच्याशी खोटं बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. गोळ्या घेतल्या, कॉफी सोडली, दुखणं सोसलं.

मग मिरच्या भाजायचे दिवस आले. गावभर अंगणाअंगणात पत्र्यावर लाल मिरच्या काळ्या पडू लागल्या, हिवाळ्याच्या आयवारसाठी, म्हणजे बरण्यांत भरून ठेवायच्या चटणीसाठी. विदोसावा आणि स्मिल्याना दर वर्षी एकत्र भाजत आणि दर वर्षी भांडत. स्मिल्यानाचं तोंड म्हणजे बिघडलेला रेडिओ, बटण फिरवलं तरी बंद होणार नाही. "अगं विदा, मीठ आहे की शहरात विसरलीस? ढवळ ना, की त्यालाही चिठ्ठी लिहून देतेस?" हे ऐकल्याशिवाय आयवार शिजतच नसे.

यंदा स्मिल्यानाने तिच्यासाठी उशी घातलेली खुर्ची मांडून ठेवली होती.

"बस गं तू. मी ढवळते."

विदोसावाने चाखून पाहिलं. "लसूण फार झाला."

"हो गं. बरोबर आहे तुझं," स्मिल्याना म्हणाली.

विदोसावाच्या हातातला चमचा तिथेच थांबला. चाळीस वर्षांत स्मिल्याना कधी 'बरोबर आहे तुझं' म्हणाली नव्हती. हा गोडवा तिच्या ओळखीचा होता. ज्या घरात रोग्यापासून काही लपवलेलं असे, तिथे उंबऱ्यातच तो नाकाला झोंबे. सासू एकाएकी सुनेला साळुंकी म्हणू लागे, भाऊ पत्त्यांत हरू लागत. तिचा स्वतःचा मुलगा व्लादान आता दर रविवारी सूप घेऊन येऊ लागला होता, तो तरी कशासाठी?

"स्मिल्याना, माझ्याकडे बघ."

"मिरच्या करपतील."

"करपू देत. मला काय झालंय?"

स्मिल्यानाने लाकडी पळी टाकून कमरेला बांधलेल्या फडक्यात तोंड खुपसलं. "मला नको गं विचारूस! व्लादानने शपथ घातलीय. म्हणाला, आईला कळलं तर ती खचेल."

म्हणजे मिरच्या भाजणारीला ठाऊक होतं. बहुधा पावाच्या दुकानातही ठाऊक असणार. फक्त जिचं पोट, तिला ठाऊक नव्हतं.

विदोसावा हात धुऊन तडक दवाखान्यात गेली. रांगेतल्या बायकांनी सरकून जागा दिली, तीही जरा जास्तच. नंबर आल्यावर ती आत गेली. तिचीच खोली, तेच टेबल. ओग्न्येन टेबलाच्या पलीकडेच बसून राहिला.

"बाई, बरं वाटतंय ना? रंग छान आलाय हो!"

"मिरच्यांचा धूर आहे तो. आता सांग."

त्याचा हात फोनकडे गेला. "व्लादानला बोलावू का? तो असता तर..."

"व्लादानचं पोट दुखत नाहीये. फोन ठेव."

त्याने ठेवला आणि सांगितलं. स्वादुपिंडात कॅन्सर. उन्हाळ्यातच दिसलं होतं. बेलग्रेडच्या सर्जनने तेव्हा शस्त्रक्रिया करून पाहू म्हटलं होतं. सूज बघायला म्हणून केलेल्या फेरतपासणीत ते यकृतातही पसरलेलं दिसलं होतं, आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"तेव्हा नाही कोण म्हणालं?"

ओग्न्येन तक्त्याकडे पाहू लागला. "व्लादान रडला हो माझ्यापुढे. म्हणाला, या वयात आईचे हाल नकोत. आणि तुम्हीच शिकवलंत ना, आजार नाही, माणूस बघायचा. मी तुम्हाला बघितलं आणि माझी जीभच उचलेना."

"मला नाही बघितलंस. माझ्या मुलाला बघितलंस." तिचा आवाज चढला नाही, याचंच ओग्न्येनला भय वाटलं. "कदाचित मीही नकोच म्हणाले असते, ओग्न्येन. या वयात पोट फाडून घ्यायची हौस मलाही नाही. पण तो नकार माझा असता. एवढा उन्हाळा माझ्या हातात होता. तो मी कॉफी सोडण्यात घालवला."

"माफ करा, बाई."

"माझे कागद नोव्ही सादच्या इस्पितळात पाठव. दुखण्याचं औषध तिकडून घेईन. तुझ्याकडे पुन्हा येणार नाही."

तो रडायला लागला. चाळीस वर्षांत तिने किती जणांना रडताना धरून ठेवलं होतं, पण याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलेना. हात तिच्या मांडीवरच पडून राहिला. मग ती उठली.

रविवारी व्लादान कुलूप उघडून आत आला. हातात सुपाचं पातेलं, आवाजात साखर. "माझी राणी आई कशी आहे? आज काय फर्स्ट क्लास दिसतेस!"

"स्वादुपिंडाचं मला कळलंय," ती म्हणाली. "शस्त्रक्रियेचंही."

पातेलं कसंबसं टेबलावर टेकलं. "आई, मी तुझ्यासाठीच... तुला त्रास नको म्हणून..."

"माहीत आहे. सगळे हेच म्हणतात, आणि खरंच म्हणतात." तिने तळहात पुढे केला. "या घराची किल्ली दे."

"आई! तुला रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"तर मी ठरवीन कुणाला बोलवायचं. यापुढे दार वाजवून यायचं. मी उघडलं तर आत यायचं."

त्याने खिशातून जुडगा काढला. कडं घट्ट होतं, त्याचं नख आत शिरेना. गाडीची किल्ली सुटली, कचेरीची सुटली, हवी ती सुटेना. तो लहान असताना बुटाची गाठ घेऊन तिच्याकडे येई, तसं त्याने तोंड वर करून पाहिलं.

विदोसावा तळहात पसरून थांबली होती. तिने मदत केली नाही.