शालनच्या नंबरावर धावलेली शेवंती

शेवंती परबच्या स्वेटरांनी जेवढा मुलूख पाहिला तेवढा घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणीच पाहिला नव्हता, आणि खुद्द शेवंतीनं तर मुळीच नाही. मुंबईच्या माणसाकडे स्वेटर नसतो. असायचं कारण काय? पण कुणाला दिल्लीला लग्नाला जायचं असलं, कुणी काशीला निघालं, की तो माणूस आधी तिकीट काढायचा आणि मग परबांच्या दाराशी यायचा. "शेवंती, तो हिरवा मोकळा आहे का गं?" हिरवा केदारनाथाला जाऊन आला होता. तपकिरी दोनदा आग्र्याला. माघारी येताना कुणी कोपराला भोक पाडून आणायचा, कुणी अंगाऱ्याचा डाग. शेवंती तो धुऊन, सुटलेले टाके उचलून पुन्हा ट्रंकेत ठेवायची. तिचा स्वतःचा प्रवास म्हणजे मे महिन्यात मालवण आणि शर्यत असली तर पुणे. बास.

विणायला ती शिकली बासष्ट साली. जवानांसाठी स्वेटर विणायची लाट आली होती आणि महिला मंडळानं चाळीत खाकी लोकरीचे गुंडे वाटले होते. निम्म्या बायकांचे स्वेटर घालायला जवानाचा एक हात लांब आणि एक आखूड असावा लागला असता. आमच्या घरचा त्यातलाच. शेवंतीकडे सुयासुद्धा नव्हत्या. तिच्या नवऱ्यानं, दत्तारामनं, सायकलच्या तारा कापून टोकं दगडावर घासून दिली, आणि त्या तारांवर तिनं असा स्वेटर विणला की मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी तो स्वतःचा म्हणून पुढे पाठवला. तिच्या वाट्याला हे तेव्हापासूनच यायला लागलं होतं म्हणा ना.

आणि धावायला लागली ती त्रेसष्ट साली. मुलुंडला आमची औषधाच्या गोळ्यांची फॅक्टरी. मी टाइम ऑफिसात टंकलेखक, ती पॅकिंगमध्ये. वार्षिक क्रीडादिनाला बायकांसाठी तीनच शर्यती: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि सुईत दोरा ओवून पळणे. बायकांना याहून जास्त काही करता येत असेल असं आयोजकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवंतीनं पहिल्या झटक्यात दोरा ओवला आणि अशी सुटली की शेवटची दोरी तोडून थेट सायकल स्टँडपर्यंत गेली. कामगार कल्याण केंद्राचे मास्तर तिथे पाहुणे म्हणून वडे खात बसले होते. त्यांनी वडा खाली ठेवला. तेव्हापासून बाईची आठशे मीटर सुरू झाली.

पण धावायचं कधी? पहाटे चारला उठून पाणी भरायचं. मग तानसाच्या पाइपलाइनच्या कडेनं विक्रोळीकडे पळत जायचं नि यायचं. पाइपलाइनपर्यंत साडी, पुढे दत्तारामची खाकी हाफपँट. त्या हाफपँटीची चाळीत सहा महिने चर्चा होती. खोटं कशाला बोलू, ती चर्चा मीच सुरू केली होती. परत येऊन दोन मुलांचे डबे, सासूचा चहा, सव्वासातची गाडी. जेवणाच्या सुट्टीत पोळी-भाजी दहा मिनिटांत संपवून उरलेल्या वीस मिनिटांत विणकाम. एकदा मी म्हटलं, "शेवंती, एवढं सगळं जमतं कसं गं तुला?" सुलट-उलट मोजता मोजता म्हणाली, "जमत नाही. तुम्हाला जमल्यासारखं दिसतं. गप बसा, टाका चुकेल."

आता ज्या गोष्टीनं अजून माझं डोकं तापतं, ती अडुसष्टच्या डिसेंबरातली. देशभरच्या कारखान्यांच्या क्रीडास्पर्धा जानेवारीत दिल्लीला होणार होत्या. आमच्या फॅक्टरीतून सात पुरुष आणि एक बाई जायची होती. निवड समितीचे सर्वेसर्वा म्हणजे पर्सोनेल ऑफिसर विद्याधर सबनीस. भांग इतका सरळ की त्यावरून रूळ टाकता आले असते. चाचणी फॅक्टरीमागच्या मैदानात झाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चार बायका धावल्या. शेवंती पहिली आली, बाकीच्यांच्या फार पुढे. तिसरी आली अकाउंट्समधली शालन सबनीस. हो, तेच सबनीस. पुतणी. मुलगी वाईट नव्हती, सहा महिन्यांपूर्वी लागली होती, धावताना एका हातानं वेणी धरायची.

यादी लागली. महिला, आठशे मीटर: कु. शालन सबनीस.

शेवंती हात पुसत सबनीसांच्या केबिनपाशी गेली. माझं टेबल दाराला लागूनच, त्यामुळे ऐकू आलं. नसतं आलं तर मी खुर्ची सरकवली असती.

"साहेब, पहिली मी आले होते."

"परबबाई, तुम्ही विवाहित आहात. दोन मुलं. आठ दिवस घर सोडून राहायचं म्हणजे संसाराची आबाळ. आम्हाला त्याचाही विचार करावा लागतो."

"संसाराचा विचार मी करते ना. तुम्ही धावण्याचा करा."

"निर्णय झाला आहे." मग आवाज एकदम मऊ. "तुमच्याकडे एक काम होतं. दिल्लीला थंडी फार. टीमला आठ स्वेटर हवेत, निळे, छातीवर कंपनीची अक्षरं. लोकर कंपनी देईल."

म्हणजे बघा, हिला घरचं करून धावायला सवड नाही, पण घरचं करून महिन्यात आठ स्वेटर विणायला आहे.

याच्यावर कडी पुढेच आहे. शालनच्या आईनं घरी सांगितलं की लग्नाची मुलगी सात पुरुषांबरोबर मी पाठवणार नाही, कुणी पोक्त बाई सोबत पाहिजे. सबनीसांनी चार दिवसांनी शेवंतीला पुन्हा बोलावलं. तुम्ही विवाहित आहात, जबाबदार आहात, शालनच्या सोबतीला तुम्हीच चला. ज्या मंगळसूत्रामुळे तिचं नाव कापलं गेलं त्याच मंगळसूत्रामुळे ती आता दिल्लीला निघाली. आणि आबाळ? आबाळ कुणाला आठवलीच नाही.

दत्ताराम एरवी बोलत नाही. पण त्या संध्याकाळी जिन्यात बसून तो म्हणाला, "स्वेटर इणूक तू, सोबतीक तू, आणि धावूक मात्र तां चेडू? माका काय ह्या पटणा नाय."

"मलाही नाही पटत," शेवंती म्हणाली.

"मगे इणतंस कशाक?"

"त्या सात जणांनी माझं काय वाकडं केलंय? थंडीत कुडकुडून गोळा फेकतील का?"

दिल्लीचं मला धोंडिरामनं सांगितलं. धोंडिराम बॉयलरवरचा, आमचा गोळाफेकवाला, थापा मारायला त्याला सुचतच नाही. गाडीत शेवंती शेवटच्या दोन बाह्या विणत होती. मथुरा गेली तेव्हा आठवा स्वेटर पुरा झाला. मग तिनं खिडकीशी बसून पुढचा सगळा प्रदेश डोळे न मिटता पाहिला. दिल्लीला सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. शर्यत नवाला. आठ वाजता शालन रजईतून बाहेर यायला तयार नाही. तिचे ओठ निळे, बोटं वाकत नव्हती, आणि ती रडत होती. तिला धावायचंच नव्हतं कधी, असं तिनं तिथे टीमचे मॅनेजर म्हणून आलेल्या काकांना सांगितलं. काकांनी ऐकलं असेल असं वाटत नाही.

नावं महिनाभर आधी गेलेली, बदल चालणार नव्हता. सबनीस शालनचं नंबराचं कापड हातात घेऊन शेवंतीपुढे उभे राहिले.

"परबबाई, हे लावा आणि उभ्या राहा. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि माझं नाव?"

"नावाचं मागाहून बघू."

धोंडिराम तिथेच गोळा चोळत उभा होता. तो म्हणाला, बाईनं कापडाकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. आठशे मीटर समोर आखलेली होती. महिनाभर पहाटे ती त्यासाठीच पळत होती, नाव कापल्यावरसुद्धा. तिनं दातात टाचण्या धरल्या आणि कापड लावलं.

ती दुसरी आली. दोन मिनिटं चौतीस सेकंद. कर्ण्यावरून तीन वेळा पुकारलं, शालन सबनीस, मुंबई. तिसऱ्या वेळी धोंडिरामनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा ती पायरीवर जाऊन उभी राहिली. पहिली आलेली पंजाबची बाई तिला मिठी मारून 'शालन, शालन' करत होती. शेवंती हसत होती म्हणे. मला ते हसू अजून खुपतं.

परत आल्यावर कँटीनमध्ये सत्कार. शाल, नारळ, हार, सगळं शालनला. पोरगी खुर्चीत अशी बसली होती की जणू दाढ उपटून घ्यायला आली आहे. सबनीसांनी भाषण ठोकलं. "धावणं आमच्या घराण्यातच आहे." अहो, ह्यांच्या घराण्यात बस पकडायलासुद्धा कुणी धावलेलं नाही. माझा मेहुणा त्यांच्या शेजारी राहतो, मला माहीत आहे. मग म्हणाले, "स्वेटर विणून देणाऱ्या आणि मुलीला सोबत करणाऱ्या परबबाईंचेही आभार." आणि स्टीलचा एक डबा पुढे केला.

शेवंती उठली. डबा घेतला नाही.

"साहेब, दिल्लीला मी धावले. नंबर तुम्हीच दिला. नावाचं मागाहून बघू म्हणालात. आता मागाहून झालं."

कँटीनमध्ये तीनशे माणसं ऐकत होती. सबनीस म्हणाले, "परबबाई, ही जागा नव्हे. गैरसमज झालाय तुमचा."

तेव्हा शालननं गळ्यातला हार काढला. "गैरसमज नाही, काका. मी रजईत होते. त्याच पळाल्या."

तुम्हाला वाटेल, झालं, न्याय मिळाला. छे. मोठ्या साहेबांनी सबनीसांना बोलावून विचारलं, हा काय प्रकार? आणि सबनीसांनी सांगितलं की आपल्याला काहीच माहीत नव्हतं, बाईनं स्वतःच्या मनानं दुसरीचं नाव लावून कंपनीला फसवलं. पुतणी खोटी, धोंडिराम खोटा. मला बोलावून त्यांनी मेमो सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे मेमो म्हणजे आरोपपत्रच. पहिला मेमो, मग चौकशी, मग घरी.

मी टाइपरायटरवर कागद चढवला. ते सांगत होते, "तुम्ही गैरवर्तन केले आहे..."

"साहेब," मी म्हटलं, "नुसतं गैरवर्तन मोघम होतं. युनियनवाले उडवून लावतील. आरोप नेमका पाहिजे. तारीख, ठिकाण, काय केलं, सगळं."

त्यांना नेमकेपणा फार प्रिय. "बरोबर. लिहा." आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वेळसुद्धा घालू का विचारलं, तर म्हणाले घाला. खाली त्यांची सही झाली, कंपनीचा शिक्का बसला.

संध्याकाळी शेवंती तो कागद घेऊन आमच्या खोलीत आली. इंग्रजी होता. "वाचून मराठीत सांगा."

मी सांगितलं. "आपण, श्रीमती शेवंती दत्ताराम परब, पॅकिंग विभाग, यांनी बारा जानेवारी एकोणसत्तर रोजी दिल्ली येथे महिलांच्या आठशे मीटर शर्यतीत कु. शालन सबनीस यांच्या नावाने प्रत्यक्ष धावून, दोन मिनिटे चौतीस सेकंदांत दुसरा क्रमांक मिळवला. हे कृत्य आपण का केले याचा खुलासा तीन दिवसांत करावा."

"पुन्हा एकदा."

पुन्हा वाचलं.

"माझं नाव पूर्ण आहे? परबसकट?"

"परबसकट."

"सही कुणाची?"

"सबनीसांचीच."

तिनं कागद घडी न घालता, सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. खुलासा तिनं मराठीत एका ओळीत दिला, मीच लिहून दिला: आरोप खरा आहे, मी धावले आणि दुसरी आले.

सबनीसांच्या डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले. मग त्यांनी धोंडिरामकरवी निरोप धाडला, मेमो परत करा, प्रकरण मिटवू, सर्व्हिस बुकात काही येणार नाही. शेवंती सुट्टीत विणत बसली होती. सगळं पॅकिंग ऐकत होतं.

"साहेबांना सांगा, कागद देणार नाही. शिक्षा काय ती द्या."

"वैनी, नोकरी आहे," धोंडिराम म्हणाला. "पोरं आहेत. एका कागदासाठी?"

"दिल्लीच्या वहीत शालनचं नाव आहे. ते काही मला पुसता येत नाही. हा कागद दिला तर मी दिल्लीला फक्त स्वेटर पोचवून आले."

युनियन मध्ये पडली म्हणून नोकरी टिकली. चार दिवसांचं निलंबन ठरलं. सबनीसांना मात्र ना मेमो, ना सूचना. धावणाऱ्या बाईला शिक्षा आणि नंबर देणारा खुर्चीत. त्याच खुर्चीतून पुढे तो निवृत्त झाला, आणि निरोपसमारंभात त्याच्या शिस्तीवर चार भाषणं झाली. मला ती ऐकावी लागली.

निलंबनाचा हुकूमही मीच टाइप केला. नियम असा की शिक्षेच्या कागदात अपराधाचा पूर्ण उल्लेख हवा. मी नियमाला धरून वागणारा माणूस. तारीख, मैदान, आठशे मीटर, दुसरा क्रमांक, चौतीस सेकंद, काही गाळलं नाही. सबनीसांनी वाचताना दात आवळले, पण सही केली. न करून काय करतात?

तो घेऊन मी स्वतः परबांकडे गेलो. दत्तारामनं पाट टाकला. शेवंतीनं हात धुतले, पुसले, कागद घेतला, आणि इंग्रजी येत नसलं तरी आपलं नाव बोटानं शोधून काढलं.

"हेही सहीचंच ना?"

"सहीचं."

"म्हणजे दोन झाले," ती म्हणाली, आणि पुठ्ठे आणायला आत गेली.