माडावरचा वाघ आणि पल्याडचा देवचार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाबांनो. नंतर हसलात तर मला राग येईल, आणि माझा राग फार वाईट. असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

उभा जन्म मी लोकांना बनवण्यात घालवला. व्याह्याच्या टोपीत जिवंत कुर्ली, म्हणजे खेकडा, सोडली. खाडीतून हत्ती वाहून आलाय म्हणून तलाठ्याला होडीत घालून पंचनाम्याला नेलं. पण शेवटी पंचनामा झाला तो माझाच. आणि कुठे? तर कॉम्प्युटरवर! मालवणपासून दुबईपर्यंत सगळे बघत असताना!

आधी जुव्याचं सांगतो. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. आमच्या वाडीसमोर एक आहे, भेंडजुवा. एवढासा, की ह्या टोकाला विडी पेटवून निघालात तर त्या टोकाला पोचेपर्यंत ती विझतसुद्धा नाही. वर माड, कुर्ल्या, आणि मधोमध एक भेंडीचं झाड, भाजीतली भेंडी नव्हे, चांगला मोठा वृक्ष. झाडाखाली राखणदार देवचाराचा धोंडा. झाडाच्या अलीकडचा जुवा आमच्या गावाचा, पलीकडचा पल्याडच्या गावाचा. झाली की नाही सरळ वाटणी?

पण खाडीला कोण सांगणार? दर पावसाळ्यात ती आमच्या टोकाची वाळू खाते आणि त्यांच्या टोकाला नेऊन ओकते. आमचा अर्धा भाग झिजतो, त्यांचा अर्धा भाग पोट सुटल्यासारखा वाढतो. ह्याला काय म्हणायचं? मी आक्रमण म्हणतो!

वाळूचंही एक वेळ सोडा. खरं भांडण पयल्या नारळाचं. नारळी पौर्णिमेला देवचाराच्या धोंड्यावर पहिला नारळ कुणाचा फुटायचा? आमच्या घराण्याचा! आजोबांनी फोडला, बाबांनी फोडला, त्यांच्यामागे मी. पल्याडचे म्हणतात, मान आमचाच. म्हणून दोन्हीकडचे मानकरी एकदम आपापल्या नारळावर कोयता घालायचे, आणि आधी आवाज कुणाचा आला ह्यावर पुढची पौर्णिमा येईपर्यंत शिवीगाळ चालायची. एका वर्षी तर नारळ सोडून बाकी सगळं फुटलं.

तेव्हा मुंबईच्या चाकरमान्यांनी डोकं लढवलं. दोन्ही गावांचं मिळून त्यांनी कॉम्प्युटरवर एक पान काढलेलं होतं. ते म्हणाले, "जो काय वाद घालूचो तो हंयसर घाला. कॉम्प्युटरातून कोण कोणाच्या कानाखाली वाजवू शकणा नाय!"

खरी गोष्ट. पण माझी शाळा ए, बी, सी, डी पर्यंत गेली, आणि ई येईपर्यंत मी पळालो. त्या पानावर मराठी लिहायचं, पण अक्षरं इंग्रजी! मला ना लिहिता येत, ना वाचता.

इथे सुनंदा आली. मालवणच्या बाजारात तिचं सायबर कॅफे. त्याआधी वीस वर्षं एका वकिलाकडे टायपिस्ट होती. वकील बोलायचा, ही टाइप करायची. तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं, "तात्यानु, तुमी बोला, मी टाइप करतंय. इचार तुमी करा. तो माझ्या कामात बसणा नाय."

मी म्हटलं, हरकत नाय. पहिल्या प्रथम नाव घ्यायचं असतं, खोटं चालतं. मी सांगितलं, "माडावरचो वाघ!"

लगेच पल्याडून कोणीतरी उत्तर टाकलं. त्याचं नाव 'पल्याडचो देवचार'. सुनंदाने वाचून दाखवलं, "वाघ माडार कित्याक चढलो? खाली कुत्रो होतो काय?"

अख्खं कॅफे हसलं. मला असा ताप आला! मी ओरडलो, "तुमचो जुवो म्हणजे आमच्या वाळयेचो उकिरडो! आमची वाळू परत द्या, मगे तोंड उघडा! ए सुनंदा, जरा पाणी दी गो, घसो सुकलो."

सुनंदाची बोटं टकाटका चालली. दोन मिनिटांनी देवचाराचं उत्तर आलं, "वाघान आधी वाळू मागली, मगे पाणी मागला. उद्या भाकरी मागतलो."

"गो बाय, पाण्याचा कित्याक टाइप केलंस?"

"तुमी बोललास," सुनंदा म्हणाली. "माझा बोट बोलणाऱ्याच्या तोंडाक बांधलेला आसा."

त्या दिवसापासून जुंपली. आठवड्यातून तीन दिवस मी कॅफेत. मी लिहायचो, "भेंडीच्या झाडाची मुळां आमच्या बाजूक आसत." तो लिहायचा, "मुळां चोराची, सावली धन्याची. सावली आमच्यार पडता." मी लिहायचो, "माझ्या आजोबान थंय पयलो माड लावल्यान." तो लिहायचा, "तो माड वाकडो वाढान आमच्या बाजूक इलो, तेकाय कळला खरो गाव खयचो तो." दुबईतली, बहारीनमधली पोरं मध्ये घुसून हसायची. आमच्याकडची मला म्हणायची, "तात्यानु, सोडू नकात!" अहो, मी सोडणारा? मी तर जेवतानासुद्धा उत्तरं रचत होतो!

पण एक भानगड होती. मी मनात जे उत्तर रचून जायचो, त्याची तोड त्या देवचाराकडे आधीच तयार असायची. एकदा नाही, दरवेळी! मी "पोर्तुगीजांच्या काळातसून" असं नुसतं म्हणालो, तर तो लगेच, "पोर्तुगीजांचा पुढचा उद्या बोल, आज पाठ नाय झाला तुझा." खरंच पाठ झालेलं नव्हतं! म्हणजे फितूर होता कोणीतरी.

माझा संशय सुनंदावर. तिला सरळ विचारलं, तर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमचा बोलणा मी एकदा टाइप करतंय तोच पुष्कळ. परत दुसऱ्याक सांगीत बसूक माका येड लागलेला नाय."

माझी धाकटी बहीण शालन पल्याडच्या गावात दिलेली. दर बुधवारी मी होडीने तिच्याकडे जेवायला जातो. तिच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं! तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले. माझ्यासाठी ती स्वतः वाळूत बसून वेचते. तिच्याकडे जेवायला बसलो की माझं मन मोकळं व्हायचं.

"शालू, फितूर कोण असात गो?"

"काय म्हाइत रे दादा," ती वाढता वाढता म्हणायची. "तू उद्या काय लिवतलंस?"

मग मी सांगायचो. सगळं सांगायचो. भाताची मूद संपेपर्यंत उत्तर संपायचं. ती पदर तोंडाला लावून ऐकायची. मला वाटायचं, दादाच्या हुशारीने बिचारी भारावून गेली.

तुम्हाला कळलं? मग तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. मला नाही कळलं. मी म्हटलं ना, आधीच हसून घ्या!

श्रावण तोंडावर आला. दोन्ही गावांनी ठरवलं, ह्या रविवारी चार वाजता शेवटचा निकाल. आमच्या बाजूने मी, त्यांच्या बाजूने देवचार. सगळ्यांच्या देखत पानावर जे लिहिलं जाईल ते अखेरचं. ज्याने समोरच्याचं म्हणणं कबूल केलं त्याचा मान गेला, कायमचा. त्यापुढे तंटा नाही, माघार नाही. दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी ग्रामदेवतेची शपथ घेतली.

आता मजा बाजूला ठेवून सांगतो. मला झोप लागेना. बाबांनी मरताना माझ्या हातात नारळ फोडायचा कोयता दिला होता. म्हणाले होते, "ह्यो मान घालवू नको रे." आणि माझ्यासारख्या टवाळाला बाबांनी दिलेलं दुसरं होतं तरी काय? लहानपणापासून मला एकच काम नीट जमायचं. बाबा धोंड्यासमोर गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे गावासाठी देवाकडे मागणं मागायचे, आणि प्रत्येक वाक्यानंतर मी मोठ्याने म्हणायचो, "होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. गावकरी म्हणायचे, देव झोपलेला असला तरी ह्या पोराच्या आवाजाने उठतो. सवय एवढी, की शाळा तपासायला साहेब आले आणि लांब सूर लावून म्हणाले, "काय रे बाळाऽ, तू ढ आहेस नाऽ?" तर मी उभा राहून वर्ग दणाणून सोडला, "होय म्हाराजा!"

तर रविवार. कॅफेत पाय ठेवायला जागा नाही. आमचा अर्धा गाव आलेला. सुनंदा खुर्चीवर, मी तिच्या मागे उभा, छाती बाहेर.

मी सुरुवातच जोरात केली. वाळू, मुळं, माड, आजोबा, सगळं काढलं. पाऊण तास बोललो. सुनंदाची बोटं लाल झाली. शेवटी म्हटलं, "देवचारा, बोल आता! काय आसा तुझ्याकडे?"

एक मिनिट, दोन मिनिटं. आमची पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी मिशीवर ताव दिला. मिशी नाही मला, पण दिला.

मग उत्तर यायला लागलं. एकेक ओळ. सुनंदा वाचायला लागली. वकिलाकडची सवय, वाचते ती छान सूर लावून.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कॉम्प्युटरार तुझी दोनय गावांची लेकरां जमली हत, रे म्हाराजाऽ..."

माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "होय म्हाराजा!"

टकाटका.

"तेंका सुखी ठेव, तेंच्या होड्यांक मासो दी, रे म्हाराजाऽ..."

"होय म्हाराजा!" आता अख्खं कॅफे माझ्यामागे म्हणत होतं. का नाही म्हणणार? देवाचं काम!

"जी पोरां दुबयक, बहारीनाक गेली हत, तेंका हातीपायी धडधाकट घराक आण, रे म्हाराजाऽ..."

"होय म्हाराजा!" माझे तर डोळे भरून आले. बाबा समोर दिसायला लागले. कोयता दिसायला लागला.

"जो कोण वाकडो बोललो असात तेची जीभ सरळ कर, रे म्हाराजाऽ..."

"होय म्हाराजा!"

"आणि पयल्या नारळाचो मान आजपासून पल्याडच्या गावाक दिलेलो आसा, तो तू मान्य करून घे, रे म्हाराजाऽ..."

"होय म्हाराजाऽऽऽ!"

असा आवाज त्या कॅफेत कधी निघाला नसेल. सर्वांत मोठा माझा!

टकाटका. टक.

सगळे माझ्याकडे बघतायत. मी सुनंदाकडे. सुनंदा पडद्याकडे.

"सुनंदा... धाडलंस?"

"तुमी बोललास."

"खोड! आधी खोड ता!"

"देवाच्या नावान लिवलेला मी खोडणा नाय," ती म्हणाली. "आणि पाच वेळा कबूल केलास. वकिलाक एक पुरता."

दुबईहून पोरांनी टाळ्यांची चित्रं टाकायला सुरुवात केली होती. आमच्या गावातले एकेक करून बाहेर पडले, चपला शोधायच्या निमित्ताने. आणि मग देवचाराची अजून एक ओळ आली. सुनंदा ती वाचता वाचता थांबली, मग हळूच वाचली.

"दादा, आवाज अजून तसोच आसा रे तुझो. अक्षरातसून पण ऐकाक येता."

दादा! अहो, अख्ख्या जगात मला दादा म्हणणारी एकच! जिने लहानपणी बाबांच्या गाऱ्हाण्यात माझ्या शेजारी उभं राहून कानात बोटं घातली होती, ती! जिच्या घरी बसून मी दर बुधवारी माझी उत्तरं स्वतःच्या तोंडाने पोचवून येत होतो, ती!

म्हणून काय मी गप्प बसलो? छे! वाघ तो वाघ. दोन दिवस लोकांना तोंड दाखवलं नाही, तिसऱ्या दिवशी छाती काढून परत कॅफेत. सुनंदाला म्हटलं, "टाइप कर! मी ह्या मानीत नाय! लबाडीन घेतलेलो मान तो मान न्हय! अर्धो जुवो आमचो, सगळी वाळू आमची, पयलो नारळ आमचो, आणि शालन बाय, तू माझी भैण न्हय!"

सुनंदाने सगळं पाठवलं. मी म्हटलं, घाबरली! हरली!

मग ओळ आली. सुनंदाने वाचली.

"दादा, जेवलंस?"

मी म्हटलं, "नाय अजून." टकाटका.

"तिसऱ्यांचा सुक्या केलंय. जुव्यार तुझ्याच बाजूक वेचलेल्या तिसऱ्या, तुझ्या वाळयेतल्यो. कोयतो घेवन ये. पौर्णिमेक नारळ आमचो, पण फोडूक हात तुझो लागतलो. बाबांचो कोयतो दुसऱ्या कोणाच्या हातात माका बघवणा नाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. बाजारात धूळ फार असते.

सुनंदा पुढची ओळ वाचत होती, तोच तिचा तो सूर लावून. "तेवां आता ह्यो वाद मिटलो, आणि माझो दादा गाढव ठरलो, रे म्हाराजाऽ..."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शपथेवर सांगतो, घट्ट दाबलं!

पण आवाज आलाच. बोटांच्या फटीतून.

टक.