पाचर लावायची, मारायची नाही

चाकणला आमच्या लाकडी पॅलेट-खोक्यांच्या कारखान्यात एक नियम आहे. तो मालकाने केलेला नाही, विजयश्रीने केलाय. तिच्यासमोर कुणी "पाचर मार" म्हणायचं नाही, "पाचर लाव" म्हणायचं. परदेशी जाणारी मशिनरी खोक्यात हलू नये म्हणून तिच्या बुडाशी लाकडाच्या पाचरी लागतात, त्या कापायचं काम तिचं. एखादा नवा सुतार सवयीने "मावशी, इथं एक पाचर मारू का?" म्हणाला, की ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडे अशी बघते की तो परत तिच्या वाटेला जात नाही.

कारण मला ठाऊक आहे. मी रुबीना, काळेवाडीत तिच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि तिच्याबरोबरच कामाला जाते. तिची मुलगी मोनिका, तिच्या लग्नात पाचर मारली गेली होती. मारणारा परका नव्हता, विजयश्रीचा सख्खा दीर होता. भीमराज.

मोनिकाचं बार्शीत जमलं होतं. मुलगा कायम नोकरीचा, सुपारी फोडायचा दिवससुद्धा ठरला होता. विजयश्रीचा नवरा नुकताच गेलेला, म्हणून बोलणी भीमराजने केली. आणि त्याच माणसाने मुलाकडच्यांच्या कानात सांगितलं, "पोरीला फिट येतात. माझं नाव घेऊ नका." का? तर तो मुलगा त्याला आपल्या मेहुणीच्या मुलीसाठी हवा होता! तेही जमलं नाही म्हणा. मोनिकाचं मात्र मोडलं. त्या पोरीला जन्मात साधी चक्कर आलेली नाही. आता ती कंपनीत क्वालिटीला आहे, आणि लग्नाचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठते.

स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाने पुढे कधीतरी विजयश्रीला हे सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही, भांडायला गेली नाही. मला एवढंच म्हणाली, "रुबीना, त्याची वेळ येऊ दे." सोडून दे, माफ कर, असलं शहाणपण मी तिला शिकवलं नाही. भीमराजचं तोंड दिसलं की माझ्याच हातात काहीतरी जड घ्यावंसं वाटतं.

वेळ आली ती मोटरहोममुळे.

भीमराज पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहतो. नोकरी सोडून त्याने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, टेबल, बेसिन, फ्रिज बसवला आणि ती भाड्याने द्यायचा धंदा काढला. गाडी गेटच्या कमानीखालून आत जात नाही, म्हणून ती बाहेरच्या उतारावर एका अंगाला कलून उभी असते. त्यातच त्याचा मुलगा प्रज्वल याचं लग्न जमत आलं. मुलीकडची माणसं सुपारी फोडायला येणार, तर या माणसाने फुशारकी मारत फोनवर सांगून टाकलं, "बैठक आपल्या मोटरहोममध्येच करू!"

रविवारी सकाळी त्याने हौसेने टेबलावर ताट मांडून बघितलं. सुपारी ताटातून गडगडत थेट पलंगाखाली गेली. ऑनलाइन मागवलेले प्लॅस्टिकचे चढ त्याने चाकापुढे ठेवले, पण खालच्या गुळगुळीत ब्लॉकवर ते टिकेनात. चाक चढायला लागलं की चढ सटकन मागे उडायचा, एक तर तडकलाच. शेवटी त्याने विजयश्रीला फोन लावला. "वहिनी, पाहुणे जेवून निघालेत. मुलीची आजी शकुनाची फार पक्की हाय. त्यांच्यासमोर सुपारी गडगडली तर आमचं जमलेलं मोडंल."

"जमलेलं मोडंल," विजयश्री फोन ठेवून म्हणाली. "ऐकलंस?"

ती लगेच उठली. आम्ही कारखान्याचं कुलूप उघडून लाकूड निवडायला बसलो. मी पाइनच्या खोक्यातला एक मोठा तुकडा उचलला. त्याच्या ऐन मध्यात गाठ होती. "ही घे," मी म्हटलं. "चाक चढलं की उभी फाटेल. पाहुण्यांदेखत होऊ दे तमाशा."

तिने तो तुकडा माझ्या हातातून काढून जळणात टाकला.

"सुपारी गडगडली तर तो म्हणंल पाचर वाईट होती, उतार होता, शकुन झाला नाही. मला तसलं कायबी नको. गाडी अशी सरळ पाहिजे की दोष द्यायला दुसरं काही उरू नये."

तिने बाभळीचं लाकूड घेतलं, रेषा सरळ, एकही गाठ नाही. मागचं चाक जोडीचं, म्हणून तिथली पाचर रुंद कापली. चढ लांबट ठेवला, म्हणजे गाडी हिसका न खाता वर जाईल. टायर घसरू नये म्हणून वरून आडव्या खाचा पाडल्या, आणि खाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं रबर ठोकलं. इतक्या निगुतीने काम तिने मालकासाठीही कधी केलेलं नाही. मला तर तिचा रागच आला होता.

पिंपळे सौदागरला पोचलो तर भीमराज झब्बा घालून रस्त्यात येरझाऱ्या घालत होता. "आलात वहिनी, जीव भांड्यात पडला!" विजयश्री थेट गाडीत चढली. आधी टेबलावर पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा कुठे पळतो ते बघितलं. मग उताराकडच्या दोन चाकांपुढे पाचरी नीट सरळ लावल्या. भीमराजने पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू वर घेतली. मी दारातून बुडबुड्यावर नजर ठेवून ओरडत होते, "अजून थोडी! अजून! बस!" हँडब्रेक ओढून झाल्यावर तिने चाकांच्या मागे लाकडी ठोकळे ठोकले. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. प्रज्वलने ताटात सुपारी ठेवली. ती जागची हलली नाही.

तेवढ्यात पाहुणे आलेच. मुलीचे वडील, दोघे चुलते आणि आजी, चिमाबाई. आजीने आत बसून इकडंतिकडं बघितलं, चहाचा कप टेबलावर ठेवून बघितला.

"गाडी हितक्या उतारावर, आन आत कायबी कळंना. कुणी केलं ओ हे?"

"आमच्या वहिनींनी," भीमराजला म्हणावं लागलं.

"मग त्या भाईर का? बोलवा की."

विजयश्री पदराला हात पुसून आत बसली. मी दारातच थांबले. आजीने तिचं कौतुक केलं, कुठं काम करता विचारलं, मुलीचं विचारलं. मुलीचं लग्न झालेलं नाही म्हटल्यावर आजी पुढे सरकली.

"राग मानू नका. आमी बार्शीचं. तुमच्या पोरीला फिट येत्यात म्हणून आमच्याकडं कानावर आलं व्हतं. आमची पोर ह्या घरात द्यायची, तर रक्ताचा आजार आधीच कळलेला बरा."

बार्शीचं! आता माझ्या डोक्यात उजेड पडला. पाहुणे बार्शीचे, म्हणजे हा विषय निघणारच, हे विजयश्रीला माहीत होतं, म्हणूनच तिला ही बैठक मोडायची नव्हती, नीट बसवायची होती.

भीमराज तिच्याकडे बघत होता. डोळ्यांनी अक्षरशः भीक मागत होता. "लोक काय, काहीही बोलतात," एवढं वाक्य ती बोलली असती तर तो सुटला असता. मी मनात म्हटलं, बाई, बोलू नकोस.

"मी आई," विजयश्री म्हणाली. "आई झाकणारच. भावजींना विचारा. तुमच्या बार्शीत सांगणारे तेच."

झालं. हो म्हणावं, तर आजार सख्ख्या भावाच्या रक्तात, म्हणजे प्रज्वलच्याही. नाही म्हणावं, तर स्वतः खोटारडा. भीमराज चाचरत म्हणाला, "तसं नाही, थोडा गैरसमज..."

"सांगितलं व्हतं का न्हाई, तेवढं बोला," आजी म्हणाली.

"सांगितलं होतं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण ते खरं नव्हतं. मोनिकाला काही नाही."

आजी उठलीच. "सख्ख्या पुतणीला असं बोलणारा माणूस. उद्या आमच्या पोरीला काय म्हणंल?"

माणसं उतरून गेली. चहा तसाच राहिला, ताट तसंच, ताटातली सुपारीही तशीच. प्रज्वल मान खाली घालून बसला होता. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? पोरगा चांगला आहे. मोनिकाही चांगलीच होती, आणि तिच्या वेळी या घरात कुणाला वाईट वाटलं नव्हतं.

विजयश्री खाली उतरून हातोडा आणि पाणसळ पिशवीत भरायला लागली. भीमराज तिच्या मागोमाग आला. त्याचा आवाज फाटला होता.

"शेवटी पाचर मारलीच तुम्ही, वहिनी."

तिने पिशवी खाली ठेवली.

"मी लावली, भावजी. गाडी मागं घ्या, मी ती काढून नेते. मारलेली तुमची. ती मला काढता येत नाही."