अडकित्त्यात सापडलेली शीर

"हिची बायॉप्सी लावलीय. त्याआधी एकदा डॉपलर बघून घे," सर फोनवर म्हणाले आणि तन्वीला माझ्याकडे पाठवलं. सर म्हणजे आमच्या परळच्या हॉस्पिटलमधले किडनीचे मोठे डॉक्टर. मी तिथेच सोनोग्राफी करते. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, फक्त त्यात रक्त कुठे, किती वेगाने वाहतंय तेही दिसतं.

तन्वी काळाचौकीची, पंधरा वर्षांची. कबड्डी खेळणारी, उंच आणि नुसती काडी. प्रॅक्टिस झाली की लघवी लाल. इन्फेक्शन नाही, स्टोन नाही, गाठ नाही. दुर्बिणीने तपासलं तेव्हा रक्त डाव्या किडनीकडून येताना दिसलं, पण सीटी स्कॅन नॉर्मल. मग उरली बायॉप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. आई बिचारी घाबरून गेली होती.

"डॉक्टरांनू, माझ्या चेडवाची किडनी जातली काय?"

"अहो, आधी मला बघू तर द्या! बाहेर बसा जरा."

आडवं झोपवून बघितलं. डाव्या किडनीची शीर जरा फुगल्यासारखी वाटली, पण छातीठोक सांगता येईना. म्हटलं, ही काही झोपून कबड्डी खेळत नाही.

"चल, उतर खाली. उभी राहा."

आणि चित्रच पालटलं. डाव्या किडनीतून रक्त परत नेणारी शीर दोन धमन्यांच्या फटीतून जाते. मागे कण्यालगतची मोठी धमनी, पुढे तिच्यातूनच फुटलेली आतड्यांची. मध्ये थोडी चरबी असते, उशीसारखी. ती झिजली की शीर अडकित्त्यातल्या सुपारीसारखी दाबली जाते. मग मागे रक्त तुंबतं, बारीक शिरा फुटतात आणि रक्त लघवीत उतरतं. हिची शीर किडनीपाशी टम्म आणि फटीत दोऱ्याएवढी!

"काय खातेस गं?"

"काकडी. कधीकधी दूध."

"एवढंच?"

"आमच्या किशोरी गटाला वजनाची मर्यादा आहे मॅडम. वजनात बसले नाही तर टीमबाहेर."

उंची वाढत होती आणि ही वजन वाढू देत नव्हती. घाम गाळून वजन उतरवायला जॅकेट घालून धावायची, रात्री उपाशी झोपायची. घरी सांगायची, ग्राउंडवर खाल्लं.

सरांना फोन लावला.

"अगं, बारीक पोरींमध्ये ती शीर दबलेली दिसतेच. तेच कारण कशावरून?"

"नुसती शीर असती तर मीही गप्प बसले असते सर. पण रक्त डावीकडूनच येतंय, तुम्हीच पाहिलंत. लघवीत प्रोटीन नाही. रक्तपेशी अख्ख्या आहेत, किडनीची गाळणी बिघडली असती तर वेड्यावाकड्या आल्या असत्या. तुम्ही येऊन बघाच."

"तू काही ऐकणार नाहीस."

आले. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. तिला झोपवून बघितलं, उभं करून बघितलं, मग पुन्हा झोपवलं.

"बायॉप्सी कॅन्सल," म्हणाले. "पोटभर जेव, वजन वाढव. आम्ही लक्ष ठेवू. या वयात बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं."

मी खूश. आईला आत बोलावून सगळं सांगितलं. आणि पोरगी ढसाढसा रडायला लागली.

"मॅडम, बायॉप्सीच करा ना! ती झाली की खेळता येईल. वजन वाढलं तर नाव कट."

माझं डोकंच सटकलं. पण मी तोंड उघडायच्या आत आई कडाडली, "गप रव! टीम गेली खड्ड्यात. आजपासून माझ्यासमोर बसान जेव."

त्या मोसमात तन्वीचं नाव खरंच कट झालं. मला फार वाईट वाटलं, सल्ला मात्र मी बदलला नाही. वजन हळूहळू वाढलं आणि लघवी स्वच्छ झाली. आता ती वरच्या गटात, कुमारींमध्ये खेळते, तिथे वजनाची मर्यादा जास्त आहे. परवा तपासणीला आली होती, खांदे चांगले भरलेत.

"पूर्वी रेडर मला ओढत लाईनीपर्यंत न्यायच्या मॅडम," म्हणाली. "आता नेऊन दाखवा म्हणावं!"

हल्ली असं रक्त जातंय म्हणून कुणी काडीसारखी पोर आली, की मी मशीन सुरू करायच्या आधी विचारते, काल रात्री काय जेवलीस? आणि हे आईसमोर विचारत नाही.