दोन वाकलेली बोटं

आज सुनेनं माझ्या कपात चहा ओतला आणि माझी दोन बोटं नकळत टेबलावर वाजली. ती दचकली. "आई, घाई आहे का?"

घाई कसली! ही सवय माझ्या सिफूंची. सिफू म्हणजे गुरू. माझगावच्या एका गच्चीवर ते आम्हाला कुंग फू शिकवायचे. चिनी माणूस, हिंदी तुटकं, कौतुक तर कुठल्याच भाषेत नाही. घोड्यावर बसल्यासारखं वाकवून उभं करायचे आणि मांड्या थरथरायला लागल्या की म्हणायचे, "और नीचे." सराव संपल्यावर मी त्यांना चहा ओतून द्यायची. तेव्हा मात्र ते दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच वाजवायचे. त्यांच्याकडे चहा ओतणाऱ्याचे आभार असेच मानतात. वाकलेली बोटं म्हणजे गुडघे टेकलेला माणूस. आपल्याकडे घरच्या चहाला कोण आभार मानतं?

शेवटचं भेटले तेव्हा त्यांची वाचा गेली होती. मी चमच्यानं पाणी पाजलं, तर चादरीवर त्यांची बोटं हलली. चादरीवर कसला आवाज होणार? पण मला कळलं.

"घाई नाही गं," मी सुनेला म्हटलं, "नमस्कार केला तुला."

"मला?" ती हसली.

तिचा कप अजून रिकामाच होता. मी किटली माझ्याकडे ओढली.